टाइम ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय दिसावे आणि कोणाला काय बदलता यावे?

वाळूज_टाइमऑफिस (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये मी नऊ वर्षांपासून काम करते. कायम आणि कंत्राटी मिळून साधारण दोनशे वीस माणसे आमच्याकडे तीन पाळ्यांत येतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पंचिंगचे यंत्र फक्त आत-बाहेरची वेळ नोंदवायचे आणि बाकीचा हिशेब मी एक्सेलमध्ये मांडायचे. आता रजा, पाळीबदल, ओव्हरटाइम, गेटपास आणि सी-ऑफ (जादा कामाबद्दल मिळणारी बदली सुट्टी) हे सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये आले आहे. त्यात कोणाला शिरू द्यायचे आणि शिरलेल्याला काय काय करू द्यायचे, याचा मात्र आम्ही सुरुवातीला पाच मिनिटेही विचार केला नव्हता.

त्याचा परिणाम सांगते. ऑक्टोबरच्या पगारात प्रेस शॉपमधील एका ऑपरेटरचे ओव्हरटाइमचे चौदा तास कमी आले. तो माझ्या खिडकीपाशी आला तेव्हा त्याच्या हातात घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे पान होते, गुंडाळलेले आणि रबर लावलेले. त्याच्या पत्नीने तारखांच्या चौकोनांत, दुधाच्या हिशेबाखाली, निळ्या पेनाने ‘४ जादा’, ‘२ जादा’ असे लिहून ठेवले होते. मी ते पान आणि यंत्रातील मूळ पंचांची यादी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर एकाही तारखेला फरक निघाला नाही. पंच बरोबर होते. मंजूर ओव्हरटाइमच्या रकान्यात नंतर कोणीतरी शून्य घातले होते. ते कोणी घातले हे पाहण्यासाठी बदलांची नोंद उघडली, तर प्रत्येक ओळीसमोर एकच नाव होते, ‘टाइमऑफिस’. हा आयडी मी, माझी सहकारी, दोन सुपरवायझर आणि रात्रपाळीचा सुरक्षा प्रमुख असे पाच जण वापरत होतो, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला होता. त्या दोघांपैकी एक सुपरवायझर ऑगस्टमध्येच नोकरी सोडून गेला होता, तरी त्याच्या फोनमध्ये तो आयडी चालूच होता.

त्या ऑपरेटरला पैसे पुढच्या आठवड्यात मिळाले, पण बदल कोणी केला हे आजही सांगता येत नाही. आम्हा पाचही जणांकडे संशयाने पाहिले गेले आणि ज्याने काही केले नव्हते त्यालाही आपण केले नाही हे दाखवता आले नाही. आता व्यवस्थापनाने मला प्रवेशाची नवी रचना मांडायला सांगितले आहे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने ‘अ‍ॅडमिन’, ‘मॅनेजर’ आणि ‘एम्प्लॉयी’ असे तीन तयार स्तर दिले आहेत आणि आमच्याकडे ज्याचे पद मोठे त्याला मोठा स्तर द्यावा असा कल आहे. मला ते पटत नाही, कारण प्लांट हेडना कोणाच्याही पंचात बदल करण्याची गरज आजवर एकदाही पडलेली नाही, आणि सुरक्षा विभागातील सर्वांत कनिष्ठ माणसाला गेटपासची वेळ रोज नोंदवावी लागते. आपल्यापैकी ज्यांनी ही मांडणी प्रत्यक्षात केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सिडको_संगणक (सोमवार, रात्री १०.५५)

ताई, आपले म्हणणे योग्य आहे आणि त्याला जुना आधारही आहे. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला आपल्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे तत्त्व साल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये स्पष्ट मांडले. पुढे १९९२ मध्ये फेरायोलो आणि कुन यांनी अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत आणि व्यक्तीला भूमिकेत बसवावे, अशी पद्धत सांगितली. आपल्याकडील बहुतेक हजेरी सॉफ्टवेअर आज त्याच पद्धतीवर चालते. त्यामुळे माणूस बदलला की त्याला फक्त भूमिकेतून काढायचे असते; अधिकारांच्या शंभर खुणा एकेक करून काढाव्या लागत नाहीत.

मी चिकलठाणा आणि शेंद्रा भागातील काही कारखान्यांत ही बसवणूक केली आहे. तिथे मी स्तर मोजण्याआधी एका कागदावर चार क्रियापदे लिहितो: पाहणे, नोंदवणे, मंजूर करणे आणि गोठवणे. त्यानंतर प्रत्येक क्रियापदासमोर ‘कोणाचे’ हा प्रश्न लिहितो, म्हणजे स्वतःचे, आपल्या लाइनचे, आपल्या पाळीचे की संपूर्ण प्लांटचे. ही दोन उत्तरे वेगळी ठेवली की गोंधळ पुष्कळ कमी होतो. फ्रॅपे एचआर या सॉफ्टवेअरमध्ये ही विभागणी नीट दिसते, कारण तिथे कोणत्या प्रकारच्या नोंदीवर कोणती क्रिया करता येईल हे भूमिका ठरवते आणि त्यातल्या कोणत्या विभागाच्या नोंदी दिसतील हे ‘यूजर परमिशन’ ठरवते. किमाय नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये साधा वापरकर्ता, टीमलीड, अ‍ॅडमिन आणि सुपर अ‍ॅडमिन अशा चार तयार भूमिका आहेत आणि टीमलीडला त्याच्या गटातील माणसांचे तास दिसतात. आपले सॉफ्टवेअर कोणतेही असो, पुरवठादाराला इतके विचारा की क्रिया आणि व्याप्ती वेगवेगळ्या ठरवता येतात का. येत नसतील, तर त्या तीन स्तरांनी आपले काम भागणार नाही.

दोन गोष्टी मात्र मी कोणत्याही कारखान्यात सोडत नाही. यंत्राने नोंदवलेला मूळ पंच कोणालाही पुसता येऊ नये. चूक दुरुस्त करायची असेल तर मूळ नोंद तशीच ठेवून तिच्याखाली दुरुस्तीची वेगळी नोंद कारणासह व्हावी. आणि स्वतःच्या हजेरीत बदल करण्याचा किंवा स्वतःचा ओव्हरटाइम मंजूर करण्याचा अधिकार कोणालाही नसावा, टाइम ऑफिसलाही नाही. आपली स्वतःची दुरुस्ती दुसऱ्या कोणीतरी करायची हे आधीच ठरलेले असले, म्हणजे ऐन वेळी कोणाला संकोच वाटत नाही.

जुना_हजेरीबाबू (मंगळवार, सकाळी ६.१५)

मी परभणीचा आहे आणि निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. संगणकाचे मला फार कळत नाही, पण हजेरी मी आयुष्यभर मांडली आहे, म्हणून लिहितो.

१९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मी मस्टर कारकून म्हणून लागलो, तेव्हा मिसरूडही नीट फुटले नव्हते. सहाशे-सातशे माणसे एकेका कामावर असायची. आम्हाला पहिल्याच दिवशी ओव्हरसीयर साहेबांनी शिकवले की हजेरीपटात खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, ती अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि त्याच्यापुढे सही आणि तारीख घालायची. वरचे सिडकोचे गृहस्थ मूळ पंच न पुसण्याबद्दल जे म्हणतात, ते वाचताना मला ती रेघच डोळ्यांसमोर आली.

दुसरी रीत अशी होती की संध्याकाळी काम सुटण्याआधी मेट, म्हणजे टोळीचा प्रमुख, सगळ्यांना बसवायचा आणि मी हजेरी मोठ्याने वाचायचो. नाव, आणि पुढे ‘पूर्ण’, ‘अर्धी’ किंवा ‘खाडा’. ज्यांना अक्षर येत नव्हते त्या बायामाणसांनाही आपला दिवस कसा मांडला गेला हे त्याच दिवशी, सगळ्यांसमक्ष कळायचे, आणि कोणी हात वर केला की तिथल्या तिथे निवाडा व्हायचा. पुढे मी एका सूतगिरणीत टाइमकीपर झालो. तिथे पितळी बिल्ले होते. प्रत्येकाने आपला बिल्ला फळीवरून काढून पेटीत टाकायचा आणि पाळी सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी फळीला कुलूप लागायचे. एका कामगाराने दुसऱ्याचा बिल्ला टाकला, तर दोघांचाही दिवस जायचा. फळीची किल्ली माझ्याकडे असे आणि मस्टर खातेप्रमुखाकडे असे. किल्ली आणि मस्टर एका हातात कधी द्यायचे नाही, हा तिथला नियम होता आणि तो मोडलेला मी पाहिला नाही.

ताईंना माझी विनंती आहे की कोणाला बदल करता यावा याचा विचार जितका कराल, तितकाच कामगाराला स्वतःचे पान पाहता यावे याचाही करा. त्या ऑपरेटरच्या घरी दिनदर्शिका नसती, तर चौदा तास गेल्याचे त्याला कळले असते, पण दाखवायला हातात काही नसते.

जालना_रोलिंग (मंगळवार, दुपारी १.३०)

मी जालन्यात रोलिंग मिलला कंत्राटी माणसे पुरवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या माणसांच्या बोटांचे ठसे भट्टीजवळच्या कामाने इतके झिजलेले असतात की यंत्र चार चार वेळा बोट ठेवूनही ओळखत नाही. चेहरा ओळखणारे यंत्र आले, पण घाम, काजळी आणि डोक्याला बांधलेले उपरणे यांमुळे पहाटेच्या पाळीत तेही अडते. मग दहा-बारा माणसांची हजेरी हाताने भरावी लागते. ती आजवर माझा मुकादम भरत होता, कारण कोण आले आहे हे त्यालाच ठाऊक असते. आता एका मिलने मुकादमाचा आयडी बंद केला आणि हाताने भरायची हजेरी कंपनीच्या माणसाकडे दिली. तो माणूस सकाळी दहाला येतो, माझी माणसे दुपारी दोनला सुटतात आणि मध्ये कोणाचे नाव राहिले तर तो दिवस बुडतो. अधिकार काढून घेणे सोपे असते. ज्याच्याकडून काढला त्याचे काम कोण करणार हे आधी ठरले पाहिजे, आणि आमच्याबाबतीत ते ठरवले गेले नाही.

वाळूज_टाइमऑफिस (मंगळवार, रात्री ८.०५)

जालन्याच्या दादांचा मुद्दा आमच्याकडेही लागू होतो, कारण हाताने भरलेल्या नोंदींपैकी बहुतेक कंत्राटी माणसांच्याच असतात. मुकादमाने नोंदवावे आणि त्या पाळीच्या इंजिनिअरने पाळी संपण्याआधी मंजूर करावे, असे केले तर आपली अडचण सुटेल का? म्हणजे मुकादमाचा आयडी राहील, पण त्याची नोंद दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय पगारात जाणार नाही.

जालना_रोलिंग (मंगळवार, रात्री ९.२०)

पाळी संपण्याआधी मंजुरी होणार असेल तर माझी काहीच हरकत नाही. मंजुरीविना राहिलेली नोंद मुकादमाला त्याच्या फोनवर दिसत राहिली पाहिजे, म्हणजे तो इंजिनिअरच्या मागे लागू शकेल.

लातूरची_लेखापाल (बुधवार, सकाळी ११.१०)

मी लातूरमध्ये डाळमिल आणि तेलमिल यांचे हिशेब पाहते. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी हजेरीचे सॉफ्टवेअर पगाराला जोडलेले आहे, आणि माझ्या दृष्टीने धोक्याची जागा तिथेच आहे. हजेरी बदलणारा आणि पगार काढणारा एकच माणूस असेल, तर नसलेल्या माणसाच्या नावानेही पगार निघू शकतो. लहान कार्यालयात माणसे कमी असतात आणि दोन कामे दोघांना देता येत नाहीत, हे मला मान्य आहे. तिथे निदान नवीन कर्मचारी जोडण्याचा अधिकार तरी वेगळ्या माणसाकडे, गरज पडल्यास मालकाकडे, ठेवावा.

कंत्राटी हजेरीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ठेकेदार कंपनीला माणशी-दिवसाचे बिल लावतो आणि त्याच दिवसांची मजुरी कामगाराला देतो. बिलासाठी एक हजेरी आणि मजुरीसाठी दुसरी, असे दोन कागद निघू लागले की पहिल्यात दिवस वाढतात आणि दुसऱ्यात घटतात. वर लिहिणाऱ्या दादांबद्दल मी हे म्हणत नाही. पण ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाला द्यावी लागते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही ते कायम आहे. म्हणून बिल आणि मजुरी दोन्ही एकाच मंजूर नोंदीतून निघावीत आणि ती नोंद कंपनीच्या ताब्यात असावी. ओव्हरटाइमचा दर सामान्य दराच्या दुप्पट असतो, त्यामुळे ताईंच्या ऑपरेटरचे चौदा तास म्हणजे अठ्ठावीस तासांची मजुरी होती.

गोठवण्याबद्दल सिडकोच्या सरांनी एका शब्दात लिहिले, पण त्यावर थोडे थांबायला हवे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. आमच्या एका मिलमध्ये एक तारखेला प्रत्येकाला त्याच्या हजेरीचे पान मिळते, तीन तारखेच्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त्या घेतल्या जातात आणि चार तारखेला सकाळी महिना गोठतो. त्यानंतर टाइम ऑफिस, सुपरवायझर, मालक यांपैकी कोणालाही मागच्या महिन्यात हात घालता येत नाही. राहिलेली दुरुस्ती चालू महिन्यात फरक म्हणून दाखवली जाते. सुरुवातीला मालकांना हे जड गेले, कारण आपल्याच कारखान्यात आपल्याला बदल का करता येऊ नये असे त्यांना वाटत होते. मी त्यांना कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण दिले: १ एप्रिल २०२३ पासून त्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आणि ती नोंद बंद करता न येणे बंधनकारक आहे, आणि त्यातून मालकांनाही सूट नाही. हजेरीतूनच पगाराचा आकडा जन्मतो, तेव्हा तिला त्याहून सैल नियम लावणे बरोबर नाही. त्यांनी ते ऐकले. आज त्यांना सगळ्या प्लांटची हजेरी पाहता येते आणि काहीही बदलता येत नाही.

बीड_गळीत (बुधवार, दुपारी ४.४५)

आमच्याकडे साखर कारखान्यात प्रश्न हंगामाचा असतो. गळीत सुरू झाले की हंगामी कामगार, स्लिप बॉय आणि वजनकाट्यावरचे कारकून कामावर येतात, आणि हंगाम संपला की जातात. पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार अशा चालतात. मागच्या एका हंगामानंतर आम्ही आयडींची यादी काढली, तेव्हा कामावर नसलेल्या माणसांचे आयडी कामावर असलेल्यांपेक्षा जास्त निघाले. दर हंगामाला नवे आयडी काढले जात होते आणि जुने तसेच राहत होते. एका कारकुनाच्या नावावर तर तीन हंगामांचे तीन आयडी होते.

आता आम्ही प्रत्येक हंगामी आयडीला शेवटची तारीख घालूनच तो उघडतो. हंगाम लांबला तर तारीख वाढवावी लागते आणि त्यासाठी खातेप्रमुखाची चिठ्ठी लागते. पुढच्या हंगामात तोच माणूस आला तर त्याचा जुनाच आयडी पुन्हा चालू होतो, म्हणजे त्याच्या नोंदी एका नावाखाली राहतात. बदलीवर काम करणाऱ्यांनाही हीच रीत लावली आहे. पाळीप्रमुख आठ दिवस रजेवर गेला, तर त्याच्या जागी बसणाऱ्याला आठ दिवसांचीच मंजुरीची भूमिका मिळते आणि नवव्या दिवशी ती आपोआप उतरते. पूर्वी असा माणूस पाळीप्रमुखाचाच पासवर्ड वापरायचा, आणि पाळीप्रमुख परत आल्यावरही त्याला तो पाठ असायचा.

नांदेड_परिचारिका (बुधवार, रात्री १०.३०)

मी नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिकांच्या ड्यूटीचे नियोजन करते. आतापर्यंतची चर्चा बदल करण्याच्या अधिकारावर झाली. मला पाहण्याच्या अधिकाराबद्दल लिहायचे आहे, कारण नुसत्या पाहण्यानेही माणूस दुखावला जातो.

आमच्या आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वॉर्डप्रमुखाला सगळ्या वॉर्डांचा रजेचा तक्ता दिसत होता आणि रजेच्या चौकोनावर बोट नेले की कारणही दिसत होते. एका मुलीने गर्भपातानंतर रजा घेतली होती आणि अर्जात खरे कारण लिहिले होते. ती परत कामावर आली तेव्हा जिने कोणाला काहीच सांगितले नव्हते तिची चौकशी चार वॉर्डांतील बायका करत होत्या. चौकशीत आपुलकी होती, तरी ती मुलगी दोन दिवस ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडली. त्यानंतर मी भांडून कारणाचा रकाना बंद करून घेतला. आता वॉर्डप्रमुखाला ‘रजेवर’ एवढेच दिसते आणि तेही स्वतःच्या वॉर्डपुरते. कारण आणि डॉक्टरांचा दाखला रजा मंजूर करणाऱ्या एकाच व्यक्तीला दिसतो. ड्यूटी लावायला मला कोण नाही एवढेच कळावे लागते; का नाही, हे कळावे लागत नाही.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्याची मुभा त्या कायद्यात आहे, परंतु ती सांभाळण्याची जबाबदारी मालकावरच आहे आणि माहिती कोणी पाहिली याच्या नोंदी निदान एक वर्ष ठेवण्याची अपेक्षा नियमांत आहे. म्हणून ताईंनी पुरवठादाराला बदलांच्या नोंदीबरोबर पाहण्याची नोंदही मिळते का हे विचारावे.

बाहेर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दलही एक विनंती आहे. रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या आमच्या मुलींच्या फोनवरील अ‍ॅप त्या कुठे आहेत हे दाखवते. ड्यूटी संपल्यावरही ते दाखवत राहत होते आणि पाहणाऱ्यांत दोन चालकही होते. कोण कुठे आहे हे पाहण्याचा अधिकार देताना हात आखडताच घ्यावा.

सिडको_संगणक (गुरुवार, सकाळी ९.००)

नांदेडच्या ताईंनी लिहिले ते मी माझ्या यादीत घालत आहे. पाहण्याच्या नोंदीकडे मीही आजवर पुरेसे लक्ष दिले नव्हते.

एक दार सगळेच विसरतात, ते पुरवठादाराचे. सॉफ्टवेअर बसवताना त्याने स्वतःसाठी एक अ‍ॅडमिन आयडी ठेवलेला असतो, आणि काही अडले की त्याचा माणूस पुण्याहून किंवा हैदराबादहून थेट आपल्या संगणकात शिरतो. तो आयडी एरवी बंद असावा, काम असेल तेवढ्या वेळापुरता उघडावा आणि त्याच्या नावाने झालेले बदल वाचून मगच बंद करावा. पंचिंग यंत्राच्या स्वतःच्या मेन्यूचा पासवर्डही बदललेला आहे ना, हे पाहावे. मी पाहिलेल्या यंत्रांपैकी अनेकांवर यंत्र बनवणाऱ्याकडून आलेला मूळ पासवर्ड तसाच होता, आणि त्या मेन्यूतून यंत्राचे घड्याळ मागेपुढे करता येते. घड्याळ दहा मिनिटे पुढे गेले, तर सॉफ्टवेअरमधील सगळे अधिकार चोख असूनही वेळेवर आलेल्या माणसांना लेट मार्क लागतो.

वाळूज_टाइमऑफिस (रविवार, सायंकाळी ७.२५)

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस मी या धाग्याच्या प्रतीवर खुणा करत होते आणि शुक्रवारी व्यवस्थापनासमोर मांडणी केली. काय ठरले ते सांगते.

‘टाइमऑफिस’ हा आयडी शुक्रवारी दुपारी तीन वाजता बंद केला. ती चिठ्ठी मी स्वतः काढली. तिच्याखालचा मॉनिटरचा भाग इतर भागापेक्षा पांढरा राहिला आहे. आता प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा आयडी आहे. सुपरवायझरला आपल्या लाइनचे दिसते आणि ओव्हरटाइमची शिफारस करता येते, मंजुरी खातेप्रमुखाची असते. हाताने भरायची हजेरी मुकादम किंवा सुपरवायझर नोंदवतो आणि पाळीचा इंजिनिअर पाळी संपण्याआधी मंजूर करतो. अडकलेली नोंद नोंदवणाऱ्याच्या फोनवर लाल दिसत राहते. माझी स्वतःची दुरुस्ती मनुष्यबळ विभागातील सहकारी करते आणि तिची मी करते, त्यावर लेखा विभागाची सही लागते. रजेचे कारण फक्त मंजूर करणाऱ्याला दिसते. महिना चार तारखेला गोठेल. नोकरी सोडणाऱ्याच्या ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर कॅन्टीन, लॉकर आणि सुरक्षा बूट यांच्या जोडीला ‘आयडी बंद केला’ अशी ओळ आली आहे आणि तिच्यापुढे सही झाल्याशिवाय कागद पुढे जात नाही. संपूर्ण अधिकार असलेला एक आयडी ठेवावाच लागतो. त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात लेखा विभागाच्या तिजोरीत आहे आणि पाकीट उघडल्यास रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या लागतील.

प्लांट हेडना बदलाचा अधिकार न देण्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. आधी त्यांना ते अविश्वासासारखे वाटले. मी त्यांना ऑक्टोबरमधील बदलांची छापील यादी दाखवली आणि म्हटले की यात आपलेही नाव नाही आणि माझेही नाही, तरी आपण दोघे यातून सुटलेलो नाही. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि मान्यता दिली.

कामगारांना स्वतःचे पान दाखवण्याचे काम मात्र अर्धेच झाले आहे. सॉफ्टवेअर पुरवणारे फोनवर ती सोय करून देतात, पण आमच्याकडील बऱ्याच जणांकडे साधा फोन आहे आणि हजेरी फलकावर लावली तर एकाचे दुसऱ्याला दिसते. सध्या कॅन्टीनच्या दारापाशी एक पडदा बसवला आहे. आपले कार्ड टेकवले की आपल्याच महिन्याचे पान वीस सेकंद दिसते आणि मिटते. जेवणाच्या सुट्टीत तिथे रांग लागते आणि मागचा माणूस खांद्यावरून वाचतो, म्हणून पडद्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याची आडोशाची पट्टी लावायला सांगितली आहे. वीस सेकंद पुरत नाहीत अशीही तक्रार आली आहे, ती वाढवून चाळीस करून घेत आहे.

शनिवारी तो ऑपरेटर पडद्यापाशी आला होता. त्याने खिशातून घडी घातलेले दिनदर्शिकेचे पान काढले, एकेक तारखेवर बोट ठेवून पडद्याशी जुळवले, आणि पडद्यावरचे पान मिटल्यावर पुन्हा कार्ड टेकवून राहिलेल्या तारखा पाहिल्या. ‘ताई, अकरा तारखेचे दोन तास अजून मंजूर दिसत नाहीत,’ असे तो मला म्हणाला. मी पाहिले, तर नोंद त्याच्या सुपरवायझरने शिफारस करून खातेप्रमुखांकडे पाठवली होती आणि ती तिथे सकाळपासून थांबली होती. संध्याकाळपर्यंत ती मंजूर झाली आणि तिच्यासमोर मंजूर करणाऱ्याचे नाव आणि वेळ आहे.

पितळी बिल्ल्यांची फळी आणि तिचे कुलूप यांबद्दल काकांनी आणखी लिहावे, अशी माझ्या सहकारी मैत्रिणीची विनंती आहे.